इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आणि संज्ञापन सिद्धांताचं एमए: माझ्या प्रवेशाचा अनुभव

माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. त्यानंतर पाच वर्षं दूरसंचार क्षेत्रात नोकरी केली. त्यामुळे संज्ञापन (कम्युनिकेशन) सिद्धांताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचं ठरवलं तेव्हा घरच्यांपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "तुला घेतील का?" पहिल्या वर्षी नाही घेतलं. दुसऱ्या वर्षी घेतलं, तेही अटींसह. मधल्या काळात जे कळलं ते दुसऱ्या शाखेतून इकडे येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहून ठेवते आहे.

या विषयाकडे मी वळले ती एका संदेशामुळे. देखभालीच्या कामाआधी ग्राहकांना जाणारे छोटे संदेश लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी लिहिलं, "आज रात्री देखभालीच्या कामामुळे सेवा मर्यादित राहील." यंत्रणेच्या अहवालानुसार तो जवळजवळ प्रत्येक फोनवर पोहोचला. सकाळी तक्रारींची रांग लागली. कुणाला वाटलं आपला डेटा संपला, कुणाला वाटलं बिल थकलं म्हणून सेवा कमी केली, तर कुणी रात्रभर काहीतरी 'चालू' करण्याची खटपट करत बसलं होतं. 'मर्यादित' हा शब्द आम्ही आमच्या अर्थाने लिहिला आणि लोकांनी त्यांच्या अनुभवाच्या अर्थाने वाचला. तांत्रिक मोजमापात काहीच चुकलं नव्हतं. हे मला इतकं टोचलं की माहिती सिद्धांताचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननचा 1948 चा निबंध मी पुन्हा काढून वाचला. पदवीला त्यातली समीकरणं पाठ केली होती, पण सुरुवातीचं एक विधान तेव्हा नजरेतून निसटलं होतं. संदेशांना बहुधा अर्थ असतो, पण अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी त्या अर्थाचा संबंध नाही, असं शॅनन तिथेच स्पष्ट सांगतो. मला ज्याचा अभ्यास करायचा होता ते त्याने प्रामाणिकपणे दाराबाहेर ठेवलं होतं.

आता पात्रतेबद्दल. मी चार अभ्यासक्रमांचे नियम काढले आणि चौघांचे चार सूर निघाले. एकाला कुठल्याही शाखेची पदवी चालत होती. दोघांना 'संबंधित विषयातील पदवी' हवी होती. चौथ्याला कुठलीही पदवी चालत होती, पण सामाजिक शास्त्रांतले ठरावीक विषय आधी झालेले नसतील तर ते पूरक म्हणून करावे लागणार होते. 'संबंधित' म्हणजे काय हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी आठवडाभर तो शब्द घेऊन घुटमळले आणि शेवटी एका अभ्यासक्रमाच्या समन्वयक बाईंना सरळ ईमेल केला. "मी पात्र आहे का?" असं मोघम विचारलं नाही. पदवीच्या गुणपत्रिकेतले सहा विषय, प्रत्येकात काय शिकवलं याची एक ओळ, आणि यातले कुठले विषय पूर्वअटीत धरले जातील हा नेमका प्रश्न, एवढंच लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. संख्याशास्त्र संशोधन पद्धतींच्या पूर्वतयारीत धरता येईल, माहिती सिद्धांत वैकल्पिक विषयात, पण समाजशास्त्र किंवा भाषाशास्त्राचा एकही विषय नाही ही कमतरता राहील. शिवाय समिती गुणपत्रिका विषयवार पाहते, पदवीच्या नावावर थांबत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की आपण अपात्र आहोत हे स्वतःच ठरवून टाकू नका.

दुसरी गोष्ट, अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली अगदी वेगवेगळे विभाग असतात. कुठे सर्वेक्षणं आणि प्रयोग करणारी सामाजिक शास्त्राची परंपरा असते, कुठे चिकित्सक आणि सांस्कृतिक अभ्यासाची, कुठे वक्तृत्वशास्त्राची, तर कुठे नाव सिद्धांताचं पण भर वृत्तपत्रविद्येच्या सरावावर. आणि अभियांत्रिकीच्या विभागात 'संज्ञापन सिद्धांत' म्हणजे शॅननचीच समीकरणं. माझ्या यादीतला एक अभ्यासक्रम तसाच निघाला. तिथे मला सहज प्रवेश मिळाला असता आणि मी जिथून निघाले होते तिथेच परत पोहोचले असते. शिक्षकांचे अलीकडचे लेख आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची शीर्षकं वाचली की तासाभरात विभागाचा कल कळतो.

पहिल्या वर्षीचा अर्ज दोन ठिकाणी फेटाळला गेला, आणि आता तो वाचताना कारण स्पष्ट दिसतं. हेतुपत्रात मी शॅनन, लासवेल, मॅकलूहन, हॉल अशी सिद्धांतकारांच्या नावांची ओळच्या ओळ उभी केली होती. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं आणि शेवटी 'मला या क्षेत्राची आवड आहे.' माझा तो संदेश, ती सकाळ, ते फोन, यातलं काही नव्हतं. नोकरीतली किरकोळ गोष्ट म्हणून मीच गाळलं होतं. एका समितीने नकारासोबत दोन ओळी लिहिल्या: वाचन दिसतं, प्रश्न दिसत नाही. त्या दोन ओळींची मी आजही ऋणी आहे.

मग वर्षभर वाचन केलं. सुरुवातीला घाबरले, कारण सिद्धांत संपतच नव्हते. संज्ञापनाचे अभ्यासक रॉबर्ट क्रेग यांच्या 1999 च्या लेखात एक आकडा सापडला आणि जीव भांड्यात पडला. संज्ञापन सिद्धांताची सात पाठ्यपुस्तकं कुणीतरी तपासली तेव्हा त्यांत 249 वेगवेगळे सिद्धांत निघाले, आणि त्यांतले 195 सातांपैकी फक्त एकाच पुस्तकात होते. म्हणजे 'सगळ्यांना यायलाच हवं' असं सामायिक क्षेत्र फार लहान आहे. सगळं पाठ करून मुलाखतीला जाण्याचा माझा बेत त्या दिवशी मी सोडला.

त्याच लेखात क्रेग या क्षेत्राच्या सात परंपरा मांडतो: वक्तृत्वशास्त्रीय, चिन्हशास्त्रीय, घटितशास्त्रीय (प्रत्यक्ष अनुभवापासून सुरुवात करणारी), सायबरनेटिक, सामाजिक-मानसशास्त्रीय, सामाजिक-सांस्कृतिक आणि चिकित्सक. मी एक वही केली आणि माझा तो एकच संदेश सातही परंपरांतून तपासला. सायबरनेटिक दृष्टीने प्रश्न प्रतिसादाचा होता: लोकांना काय कळलं हे आमच्याकडे परत येण्याची वाटच नव्हती, ते तक्रारींच्या रूपाने आलं. चिन्हशास्त्राच्या दृष्टीने 'मर्यादित' हे चिन्ह आधीच डेटाच्या मर्यादेशी बांधलेलं होतं. सामाजिक-मानसशास्त्रीय दृष्टीने विचारायचं ते हे, की आधी बिलाचा त्रास झालेल्या माणसाने तो शब्द तसा वाचण्याची शक्यता जास्त होती का. आणि चिकित्सक परंपरेने मला अस्वस्थ केलं: संदेश पाठवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असताना, न कळल्याचा दोष वाचणाऱ्याकडे कसा जातो? आमच्या बैठकांमध्ये 'लोक नीट वाचत नाहीत' हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं होतं. त्या पानावर मी बरेच दिवस थांबले होते.

नवं हेतुपत्र या वहीतून निघालं. पहिल्या परिच्छेदात संदेश आणि ती सकाळ, दुसऱ्यात प्रश्न, आणि मग त्या प्रश्नाला लागणारे फक्त दोन सिद्धांत: स्टुअर्ट हॉलने 1973 मध्ये मांडलेली संकेतन-विसंकेतनाची कल्पना (पाठवणारा संदेशात अर्थ भरतो, वाचणारा तो आपल्या परीने उलगडतो), आणि शॅननच्या सिद्धांतावर लिहिणाऱ्या वॉरन वीव्हरने 1949 मध्ये केलेली तांत्रिक, अर्थविषयक आणि परिणामविषयक अशा तीन पातळ्यांची विभागणी. विभागातल्या कुणाच्या कामाशी हे जुळतं तेही लिहिलं, पण त्यांचे लेख खरोखर वाचून.

लेखनाचा नमुना म्हणून दहा ते पंधरा पानं मागितली होती. माझ्याकडे फक्त तांत्रिक अहवाल होते. नोकरीतली माहिती वापरणं योग्य नव्हतं, म्हणून बारा ओळखीच्यांची परवानगी घेऊन त्यांना मी रचलेले पाच संदेश वाचायला दिले आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावलं. हॉल तीन प्रकारचं वाचन सांगतो: पाठवणाऱ्याला हवं तसं, थोडं स्वीकारून थोडं वळवून, आणि विरोधात जाऊन. माझ्या बारा जणांचं वाचन त्या तीन खणांत नीट बसेना. काहींनी विरोध केला नव्हता की तडजोड केली नव्हती, त्यांना शब्दच वेगळा लागला होता. हे न बसणंच मी निबंधाचा मुख्य भाग केला. आधीची मी असते तर ते लपवलं असतं.

शिफारसपत्रांसाठी नामवंत माणसं शोधण्यात मी पहिल्या वर्षी वेळ घालवला. दुसऱ्या वर्षी ज्यांनी माझं काम रोज पाहिलं होतं त्यांच्याकडे गेले: पदवीच्या प्रकल्पाचे मार्गदर्शक सर आणि कार्यालयातल्या माझ्या वरिष्ठ मॅडम. दोघांना एक पानभर टिपण दिलं, मी कुठे अर्ज करते आहे, का करते आहे, आणि त्यांनी माझं कुठलं काम पाहिलं होतं त्याची आठवण. मॅडमनी त्या सकाळबद्दलच लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाकडून मिळणारी अधिकृत गुणपत्रिका) लवकर मागवा. माझं सात आठवड्यांनी आलं, त्यात नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, आणि पाकीट मोहोरबंद हवं म्हणून मी ते दुरुस्त करून पाठवू शकत नव्हते. पुन्हा सगळी फेरी. इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या निकालावर तारीख पाहा. आयएल्ट्सचा निकाल साधारण दोन वर्षंच ग्राह्य धरतात आणि माझा जुना निकाल सत्र सुरू होण्याआधीच बाद होणार होता, म्हणून परीक्षा पुन्हा दिली.

मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. समोर तीन शिक्षक होते. पहिला प्रश्न, प्रारूप आणि सिद्धांत यांत फरक काय. मी म्हणाले, प्रारूप भाग आणि त्यांचे संबंध दाखवतं, सिद्धांताला 'असं का होतं' हे सांगावं लागतं. दुसऱ्या सरांनी विचारलं, "तुमचं म्हणणं चूक आहे हे कशाने सिद्ध होईल?" याची तयारी मी केली नव्हती. जे वाचलं होतं त्याचा आधार घेतला. मॅकॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-संशोधकांनी 1968 च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिलमधल्या 100 अनिश्चित मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले, माध्यमांतल्या मुद्द्यांशी ते ताडून पाहिले आणि 1972 मध्ये निष्कर्ष छापले. जुळणी भक्कम होती, पण माध्यमं मतदारांमागे चालली की मतदार माध्यमांमागे, हे एका वेळच्या जुळणीवरून ठरत नाही. त्यासाठी पुढे प्रयोग करावे लागले. माझ्याही बारा जणांबाबत तेच आहे, असं मी म्हणाले. पूर्वीचा अनुभव वेगळा असलेल्या दोन गटांनी तोच संदेश सारखाच वाचला, तर माझं म्हणणं कोसळेल. सरांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

तिसऱ्या बाईंनी मला अनपेक्षित विचारलं, "तुमच्या मातृभाषेत या विषयाला काय म्हणतात?" मी सांगितलं, चार शब्द आहेत आणि चारही वेगळे आहेत. संप्रेषणात प्रेषण आहे, म्हणजे पाठवणं. संज्ञापनात 'ज्ञा' आहे, म्हणजे कळवणं, जाणवून देणं. संवादात दोघांनी मिळून बोलणं आहे, त्याला एक प्रेषक पुरत नाही. आणि दळणवळणात रस्ते, गाड्या आणि निरोप सगळे एकत्र आहेत. बाई पुढे वाकल्या. संज्ञापनाचा अभ्यासक जेम्स केरी याचं म्हणणं मला आठवलं, की तारयंत्र येईपर्यंत निरोप माणसाच्या किंवा वाहनाच्याच वेगाने जायचा. तारयंत्राने निरोप वाहतुकीपासून वेगळा केला. मी म्हणाले, आमच्या 'दळणवळण' या शब्दात ते दोन्ही अजून एकत्र नांदतात. मग संज्ञापनाकडे पाहण्याच्या केरीच्या दोन दृष्टींवर, प्रसारणाच्या (निरोप पोहोचवणं) आणि विधीच्या (एकत्र येऊन सामायिक अर्थ जपणं), आम्ही बराच वेळ बोललो. मुलाखत चालू आहे हे मी विसरले होते. लहानपणापासून वापरलेल्या शब्दांत एवढं भरलेलं आहे हे मलाही बोलता बोलताच कळलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रवेश सशर्त होता: पहिल्या सत्रात समाजशास्त्रीय सिद्धांताची ओळख आणि गुणात्मक संशोधन पद्धती हे दोन पूरक विषय, दोन्हींत ठरवून दिलेली किमान श्रेणी, आणि त्यांचे गुण अंतिम निकालात धरले जाणार नाहीत. पहिलं सत्र जड गेलं. मुलाखती शब्दशः लिहून काढून त्यातून आशयाचे धागे काढायला मला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागत होता, पण त्या विषयाच्या बाईंनी माझी प्रत्येक वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. सत्राअखेर दोन्ही श्रेणी मिळाल्या आणि अट उठली. आता प्रबंधासाठी त्याच बारा जणांकडे परत जायचं की नवे लोक शोधायचे, यावर मार्गदर्शकांशी बोलणं चालू आहे. ते नव्या लोकांच्या बाजूने आहेत, मला मात्र त्या बारांपैकी तिघांना अजून एक प्रश्न विचारायचा आहे.