२ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉले होता कुठे?

पान पाच वाजता छपाईला सोडायचं होतं आणि मेकॉलेवरचा लेख तपासायला हातात आला दुपारी दोनला. सुरुवातीलाच ठळक चौकट: आपण भारतभर फिरलो, एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, हा देश जिंकायचा तर त्याचा कणा मोडायला हवा. खाली लिहिलेलं, ‘ब्रिटिश पार्लमेंट, २ फेब्रुवारी १८३५’.

भाषणाचं अवतरण आलं की आधी मी वक्ता सभागृहात होता का, ते बघते. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून, वर्षाला १०,००० पौंड पगारावर नेमणूक झाल्यावर मेकॉलेनं लीड्सची खासदारकी सोडली होती. १० जून १८३४ ला तो मद्रासला उतरला, तो १८३८ पर्यंत इथेच होता. मग सभागृहाची बैठक बघितली. जुनं पार्लमेंट डिसेंबर १८३४ अखेर विसर्जित झालेलं, नवं भरलं १९ फेब्रुवारीला. म्हणजे त्या दिवशी लंडनमध्ये वक्ताही नव्हता आणि सभाही नव्हती.

तारीख मात्र खरी आहे. त्याच दिवशी त्यानं शिक्षणाविषयीचं आपलं टिपण गव्हर्नर जनरल बेंटिंकपुढे ठेवलं. वाद होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेनं शिक्षणासाठी ठरवलेले एक लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, याचा. शिक्षणविषयक सरकारी कागदपत्रांच्या शार्पच्या १९२० च्या संग्रहातून ते टिपण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. भिकारी नाही, चोर नाही, कणाही नाही. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, अशी कबुली आहे आणि तरीही भारत-अरबस्तानचं सगळं वाङ्मय चांगल्या युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीच्या तोलाचं, हा निवाडा आहे. बनावट अवतरणाचा हाच मोठा घात: ते त्याच्या तोंडी भारताची स्तुती घालतं आणि त्याची खरी तुच्छता झाकतं.

लेखात आणखी दोन चुका निघाल्या. १८३५ मध्येच त्याला ‘ख्यातनाम इतिहासकार’ म्हटलं होतं. तोवर त्याचं नाव होतं ते निबंधकार आणि संसदपटू म्हणून. इंग्लंडच्या इतिहासाचे पहिले दोन खंड आले १८४८ ला. दुसरी चूक भारतीय दंडसंहितेची: ‘१८६० मध्ये त्याने लागू केली’. त्याचा मसुदा १८३७ चा, कायदा झाला १८६० मध्ये, अंमल १८६२ पासून. आणि मेकॉले २८ डिसेंबर १८५९ लाच वारला होता.

पावणेपाचला चौकट बदलली. फळीचं वाक्य घातलं, खाली ‘टिपण, कलकत्ता, २ फेब्रुवारी १८३५’.