फार हसू नये

दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना 'बफी द व्हँपायर स्लेयर', म्हणजे व्हँपायर मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची जुनी सिरीयल, लावून ठेवली होती, नुसतं कानावर पडायला. पण दुसऱ्या सीझनमधला तो एपिसोड लागला, बफीचा प्रियकर एंजल, जो स्वतःच व्हँपायर, मध्यरात्री उठून पावसात धावत सुटतो तो, आणि घड्या राहिल्या बाजूला. 1998 चा एपिसोड, पुढचं सगळं पाठ, तरी पोटात गोळा येतो म्हणजे येतोच.

एंजल म्हणजे मूळचा आयर्लंडमधल्या गॉलवेचा लिआम, एक नंबरचा दारुडा. 1753 मध्ये व्हँपायर झाला, मग जवळजवळ दीडशे वर्षं माणसं मारत हिंडला, शेवटी 1898 मध्ये रोमानी (भटक्या जमातीच्या) लोकांची एक लाडकी मुलगी मारली म्हणून त्यांनी शाप दिला. शाप काय, तर आत्मा परत दिला. बस आता आठवत एकेक. इथपर्यंत भारीच आहे, पण खाली बारीक अक्षरात एक अट, की क्षणभर जरी पूर्ण सुख मिळालं तर आत्मा गुल आणि हा परत राक्षस. अहो पण मग मरणार कोण? बफीच्या शाळेतली टीचर जेनी कॅलेंडर मेली बिचारी, ती त्यांच्याच टोळीतली! इतका बिनडोक शाप मी दुसरा बघितला नाही.

पण ही अट मला नवीन नव्हती. आम्ही सगळी चुलत-आत्ते भावंडं रात्री गाद्यांवर लोळत खिदळायचो, कशावरून ते कुणालाच सांगता यायचं नाही, नुसतं एकाकडे बघून दुसऱ्याला फुटायचं, पोट दुखेपर्यंत, आणि आतल्या खोलीतून आजीचा आवाज यायचा, "फार हसू नका रे, आता रडाल." आणि दर वेळी कुणाचं तरी डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटायचंच. मग आजी उठून यायची, टेंगूळ चोळून द्यायची, "सांगत होते" म्हणायची.

तेव्हापासून सगळं छान चाललंय असं वाटलं की मी उठून गॅस बघून येते. बंदच असतो.

त्यामुळे एंजलला लोक रडका, तोंड पाडून बसणारा म्हणतात तेव्हा मला राग येतो. अहो, त्याला परवडतच नाही! त्याच्या स्वतःच्या सिरीयलमध्ये एक नटी त्याच्या ड्रिंकमध्ये सुखाची गोळी घालते, तर त्या खोट्या सुखानेही आतला राक्षस बाहेर येतो, आता बोला. स्पाइकचं, म्हणजे त्यातल्या दुसऱ्या व्हँपायरचं, बरं आहे, तो आफ्रिकेत जाऊन मार खाऊन स्वतः आत्मा मिळवून आला, बिनशर्त. मला आवडतो स्पाइक, पण त्याला खुशाल हसता येतं, म्हणून थोडा कमीच आवडतो.

आणि 1999 चा तो एपिसोड. एंजल एका दिवसापुरता माणूस होतो, फ्रीज रिकामा करतो, बफी जवळ असते, शापाची भानगडच नाही. आणि हा स्वतः जाऊन तो दिवस परत घ्या म्हणून सांगतो, नाहीतर तिच्या जिवाला धोका. दिवस पुसला जातो, तिला काही आठवत नाही, याला एकट्याला सगळं आठवतं.

आजीलाही असंच काही एकटीला आठवत असेल का? उगाच कुणी लहान पोरांचं हसणं मोजत बसत नाही. तिच्या कुठल्या हसण्यानंतर काय झालं होतं कोण जाणे.