एफ-९ आणि काकांचा खलबत्ता

बारा तासांचं डिसोल्यूशन, म्हणजे गोळीतून औषध किती वेगाने सुटतं त्याची चाचणी, लावायचं म्हटलं की सकाळी सातला लॅब उघडावी लागते. मे महिन्यातल्या नागपुरात त्यातलं एकच सुख, तेवढा तासभर कूलरशिवाय उभं राहता येतं. त्या दिवशी माझ्या एम.फार्म.च्या विद्यार्थिनीच्या नवव्या फॉर्म्युल्याची, म्हणजे एफ-९ ची, परीक्षा होती. सहा जार, प्रत्येकात जठरातल्यासारखं आम्ल (९०० मिलि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक), तापमान ३७ अंश, पॅडल मिनिटाला ५० फेरे. आधीच्या आठांपैकी तीन बुडाले होते, दोन तरंगता तरंगता फुटले होते आणि उरलेल्यांनी चार तासांतच सगळं औषध ओकून टाकलं होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी तिने गोळ्या सोडल्या. गोळी आधी सरळ तळाला जाते. मग आतल्या खाण्याच्या सोड्याची आम्लाशी गाठ पडते, अंगभर बारीक बुडबुडे धरतात, गोळी डुलते, एका कडेवर उभी राहते आणि हळूच वर येते. पहिली ४० सेकंदांत आली, सहावी सव्वा मिनिटात. पोरगी टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

हा तरंगण्याचा खटाटोप का, तर गोळीतलं लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सवरचं (कंपवातावरचं) औषध, आतड्याच्या वरच्या टप्प्यातच नीट शोषलं जातं. गोळी तो टप्पा ओलांडून पुढे गेली की उरलेलं औषध वाया. रक्तातूनही ते भराभर उतरतं, ते टिकवायला दिलेलं कार्बिडोपा जोडीला असूनही साधारण दीड तासात निम्मं. पार्किन्सन्स नवा असतो तोवर मेंदूतल्या पेशी थोडी साठवण करून ठेवतात, म्हणून दिवसाला तीन गोळ्यांत निभतं. पुढे पेशी कमी होतात, साठवण संपते आणि माणूस गोळीच्या घड्याळावर चालू लागतो. गोळी जठरातच तरंगत धरून ठेवली आणि तिथून थोडं थोडं औषध खाली सोडलं, तर ते घड्याळ सैल होईल, हा आमचा हिशोब. कागदावर उत्तम. (२०१९ मध्ये याच हिशोबावर बेतलेली, जठरात उलगडणारी एक कॅप्सूल मोठ्या चाचणीत साध्या गोळीपुढे सरस ठरली नाही. ते मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, आणि ते पहिल्याच दिवशी विसरतात.)

दर तासाला ५ मिलि काढायचं, तेवढंच ताजं आम्ल घालायचं, गाळायचं, मोजायचं. अकराच्या सुमारास आमचे लॅब अटेंडंट काका धुतलेल्या पिपेट घेऊन आले आणि जारपाशी थांबले. वीस वर्षं काचेची भांडी धुताहेत, पण आमच्या कामाविषयी कधी काही विचारलेलं मला आठवत नाही.

"मॅडम, हे गोळी बुडून काऊन नाही राहिली?"

मी सांगितलं. पार्किन्सन्स म्हटल्यावर नुसते बघत राहिले, मग कंपवात म्हटलं.

"माह्या दादाले तेच आहे. आठ वर्षं झाले."

सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी दादांची साधी गोळी बदलून हळूहळू विरघळणारी दिली होती. काका म्हणाले, "चांगली लागू पडते. गोळी देल्ली का तासाभरानं हातपाय मोकळे. मान हालते, खांदे नाचल्यावानी करते. मंग दुपारी पुन्हा लाकूड."

इथे मला थांबावंसं वाटलं. हळूहळू विरघळणारी गोळी तासाभरात माणसाला नाचवत नाही.

"गोळी देता कशी?"

"बारीक करून. त्याले गिळनं होत नाही ना आता. आईचा खलबत्ता आहे, त्याच्यात कुटतो, दुधात देतो. कधी ते इतवारीतून आणलेलं कवचबीजाचं चूर्णही टाकतो थोडं."

मी स्टुलावर बसले. कवचबीज म्हणजे खाजकुहिलीच्या बिया, आणि त्यांच्यात लेव्होडोपा असतंच, म्हणजे डोसावर डोस. दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आतड्यात लेव्होडोपाच्याच वाटेनं आत शिरतात, म्हणजे दारात गर्दी. आणि मधोमध तो खलबत्ता. गोळीत आम्ही जी काही कारागिरी करतो, ती दादांच्या घरी रोज सकाळी दोन मिनिटांत कुटली जात होती.

"कुटायचं नाही असं कोणी सांगितलं नाही?"

"कोणी विचारलंच नाही, का गिळता येते का म्हणून."

पट्टीवर लिहिलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत. मी तोंडी समजावू लागले. काका मान हलवत होते, पण ती मान मी ओळखते. वर्गात मागच्या बाकावर तीच असते. मग सुचलं. दादांची नवी पट्टी काकांच्या पिशवीतच होती, येताना मेडिकलमधून घेतलेली. कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राचे दोन जार भरले. एकात अख्खी गोळी टाकली. दुसरी काकांच्या हातात दिली आणि आमचा पोर्सिलेनचा खल पुढे केला. त्यांनी घरच्यासारखीच कुटली, चार ठोके आणि मग घोटणं, आणि पूड जारात सोडली.

पंधरा मिनिटांनी दोन्हीकडचं सारखंच पातळ करून २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलं; जितकं औषध सुटलेलं, तितका आकडा मोठा. अख्खीचा आकडा ०.११. कुटलेलीचा ०.७३. (कार्बिडोपाही तिथेच प्रकाश शोषतं, त्यामुळे हा आकडा शोधनिबंधात कोणी छापणार नाही. पण आम्हाला शोधनिबंध लिहायचा नव्हता.) मी म्हटलं, "काका, कित्येक तास पुरवायचं औषध हे एका घोटात सुटलं." काकांनी आकडा दोनदा पाहिला. मग अख्ख्या गोळीच्या जारात वाकून बघितलं. ती तळाशी शांत पडली होती, कडा जराशी विरली होती, बस.

"म्हंजे सहा महिने मीच..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. गोळी एकदम बंद करायची नाही, ते आणखी वाईट, आजच्या आज डॉक्टरांना फोन करून सांगा, हे तीनतीनदा बजावलं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं, पुन्हा साधी गोळी दिली, लहान डोस, जास्त वेळा, जेवणाच्या आधी. साधी असल्याने ती कुटून चालते. चूर्ण बंद.

इकडे एफ-९ ची सहाही पोरं तरंगत होती. दुपारी दोनला बाहेर रस्ता पांढरा पडला होता, आत कूलर ओरडत होता, आणि आलेख रेघेनं आखल्यासारखा वर चढत होता. एरवी अशा दिवशी मी लक्ष्मीनगरातून सगळ्यांना तर्री पोहे मागवते. त्या दिवशी राहून गेलं. संध्याकाळी सातनंतर शेवटचा नमुना काढून झाला, तेव्हा काका पुन्हा आले. ट्रेमधली उरलेली एक एफ-९ त्यांनी उचलून तळहातावर ठेवली. १३ मिलिमीटर व्यास, ८०० मिलिग्रॅमच्या वर वजन. पाण्यात फुगून तरंगणारं पॉलिमर आणि सोडा मावायला तेवढी जागा लागतेच.

"मॅडम, राग नका मानू. हे गोळी बनवली कोनासाठी?"

विद्यार्थिनी वही लिहिता लिहिता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी गोळीकडे. आजार जुना झालेल्यांसाठीच आम्ही ती करत होतो, आणि आजार जुना झाला की गिळणं अवघड होतं, हे आम्हा दोघींनाही पाठ होतं. तिच्या सिनॉप्सिसच्या तिसऱ्या पानावर ते आहे, संदर्भासकट.

एफ-९ तिच्या प्रबंधात आहे, बारा तासांच्या आलेखासकट. एफ-१० पासून आम्ही ३ मिलिमीटरचे पंच, म्हणजे गोळी दाबायचे साचे, बसवले. मोहरीहून जरा मोठे दाणे, एका डोसाला बरेच लागतात, कॅप्सूलमध्ये भरायचे आणि गिळवत नसेल तर कॅप्सूल उघडून मऊ भातावर नाहीतर फळाच्या गरावर टाकायचे. चावले मात्र की संपलं. दाणा लहान झाला की वजनाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो आणि औषध पळतं. एफ-१० अडीच तासांत मोकळी झाली. एफ-१२ पाच तास टिकली, पण निम्मे दाणे बुडाले.

दाणे मोजून कॅप्सूलमध्ये भरायचं काम आता काका करतात. कोणी सांगितलेलं नाही. परवा त्यांनी एफ-१२ चे बुडालेले दाणे गाळणीत घेतले, बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाले, "याच्यात सोडा कमी पडून राहिला." सोमवारी सोडा वाढवून एफ-१३ लावतोय.