कोठीखालच्या पाचरी

आजीच्या माजघरात कोपऱ्यात ज्वारीची पत्र्याची कोठी होती. पाच क्विंटलची, चार दगडांवर उभी. उभी म्हणायचं ते सवयीनं. खरं तर कोण आलंय बघायला वाकावं तशी ती दाराकडे झुकलेली असे. आमची गोटी माजघरात कुठंही सोडा, गडगडत तिच्याखालीच जायची. 'जमीन बसलीय तिथली,' आजी सांगायची. का बसली विचारलं की म्हणे, 'तू एका जागी चाळीस वर्षं बसलास तर सतरंजीलासुद्धा खळगा पडेल. ही तर पाच क्विंटलची बाई.'

आपल्याकडे घडी बसते, घसा बसतो, चालता धंदा बसतो, तशी जमीनही बसते. गवंडी जोत्यात भराव टाकतो, पाणी मारतो, धुम्मस करतो आणि तरीही सांगतो, 'एक पावसाळा जाऊ द्या, मग फरशी घाला.' आम्ही घर बांधताना ऐकलं नाही. आता हॉलमध्ये पाहुणे ज्या फरशीवर पाय देतात, ती नेमकी पोकळ वाजते.

हे बसणं मी जवळून पाहिलं ते इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये. भाकरीपेक्षा जाड, वाटीपेक्षा लहान अशी चिकणमातीची चकती: ६ सेंटिमीटर व्यास, २ सेंटिमीटर जाडी. ती पितळी कड्यात बसवायची, खालीवर सच्छिद्र दगड, वरून वजन. मग डायलचा काटा बघत राहायचं. पाव मिनिटाला नोंद, एक मिनिटाला, चार, नऊ, सोळा... काटा आधी पळतो, मग चालतो, मग रांगतो. चोवीस तासांनी वजन दुप्पट करायचं. रात्रीच्या नोंदी आम्ही कँटीनमध्ये बसून अंदाजानं भरल्या, हे आता सांगायला हरकत नाही.

गंमत अशी, की ओझं ठेवल्या ठेवल्या माती ते उचलतच नाही. आधी उचलतं तिच्या पोटातलं पाणी. चिकणमातीतल्या वाटा इतक्या बारीक, की पाण्याला बाहेर पडायला महिने, कधी वर्षंही लागतात. ते जसजसं निघून जातं तसतसं वजन मातीच्या कणांवर येतं. तिथं तरी संपावं ना! पण नाही. पापुद्र्यांसारखे चपटे कण त्याच ओझ्याखाली एकमेकांवरून सरकत राहतात, दिवसेंदिवस आणखी हळू. ढोबळ हिशेब असा, की पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत जमीन या सरकण्यानं जेवढी बसते, तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत.

पिसाचा झुकता मनोरा मातीच्या या पाणी सोडण्यावरच तगला. ११७३मध्ये काम सुरू झालं, तीन मजले चढले आणि लढायांमुळे जवळजवळ शंभर वर्षं थांबलं. तेवढ्यात खालच्या मातीनं पाणी सोडलं, ती घट्ट झाली. एका दमात वर चढवला असता तर मनोरा तेव्हाच आडवा झाला असता, असं जाणकार सांगतात. एक पावसाळा म्हणणारा आमचा गवंडी त्या मानानं फारच उदार. पुढं कलणं धोक्याचं झालं तेव्हा उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून घेतली. मनोऱ्याचा माथा साधारण ४५ सेंटिमीटर मागं आला आणि २००१मध्ये तो पुन्हा लोकांसाठी उघडला.

आजी गेल्यावर कोठी भंगारवाल्याला दिली. चौघांनी ती उचलली तेव्हा दाराकडच्या दगडावर पाचरींची चळत दिसली. सगळ्यात खाली बाभळीची ढलपी, त्यावर शहाबादीचा तुकडा, मग वडिलांच्या फुटक्या पाटीचा कोपरा, वर घडी घातलेला बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा. म्हणजे ती दर चार-दोन वर्षांनी, कोणाला न सांगता, कोठी सरळ करत होती.

दगड निघाले, कोठी गेली. जमीन काही वर आली नाही. मुलीच्या हातून गोटी सुटली, ती गडगडत त्या कोपऱ्यात गेली आणि रिकाम्या खळग्यात दोन गिरक्या घेऊन थांबली.