कॅलिफोर्नियातल्या कस्टम गाड्या : लपवलेली कारागिरी आणि मिरवलेली कारागिरी

लॉस एंजेलिसमध्ये विल्शर बुलेव्हार्ड आणि फेअरफॅक्स ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियमची लाल इमारत आहे. 2015 च्या नूतनीकरणात तिच्याभोवती स्टेनलेस स्टीलच्या रुंद, वळणदार पट्ट्या गुंडाळण्यात आल्या. ज्यांना गाडीचा रंग दुरूनच डोळ्यांत भरलेला आवडतो त्यांना ही इमारत आवडते, आणि ज्यांना रेषा शांत हवी असते ते तिच्यावर नाराज असतात. जुन्या कस्टम गाड्यांच्या, म्हणजे मालकाच्या आवडीप्रमाणे बदलून घडवलेल्या गाड्यांच्या, दुनियेत हाच वाद गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालू आहे. हा वाद प्रत्यक्ष पत्र्यावर आणि रंगावर कसा दिसतो, ते पाहण्यासाठीच मी हा प्रवास आखला होता. समुद्रकिनारे आणि स्टुडिओ यांच्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवला नव्हता.

दक्षिण कॅलिफोर्निया हेच या कलेचे माहेर का ठरले, याचे उत्तर शहराच्या उत्तरेला पसरलेल्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांत आहे. म्युरॉक आणि एल मिराज येथील सपाट, घट्ट मातीवर 1930 च्या दशकात तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्या पळवत असत. वेग वाढवण्यासाठी वजन कमी करायचे, म्हणून मडगार्ड काढले, बंपर काढले, बॉनेटच्या बाजूचे पत्रे काढले. ज्याला आज आपण साधेपणाची शैली म्हणतो, तिचा उगम सौंदर्यदृष्टीत नसून गरजेत आहे, आणि म्हणूनच ती अजून खरी वाटते. डोन स्पेन्सर यांची काळी 1932 फोर्ड रोडस्टर हे त्या परंपरेचे सर्वोत्तम उदाहरण मला वाटते. पेबल बीच येथील प्रतिष्ठित प्रदर्शनात 1997 मध्ये हॉट रॉडसाठी, म्हणजे वेगासाठी अशा बदललेल्या जुन्या गाड्यांसाठी, पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला, तेव्हा पहिला क्रमांक याच गाडीला मिळाला. काळा रंग, मागे कललेली दुभंग काच आणि ताणून बसवलेली चाके एवढेच काय ते नजरेला जाणवते. तिच्यावर दाखवण्यासाठी म्हणून बसवलेली एकही वस्तू नाही.

पुढचा मुक्काम बरबँकमध्ये होता. तिथे रिव्हरसाइड ड्राइव्हवर 1949 साली बांधलेले ‘बॉब्ज बिग बॉय’ हे उपाहारगृह आहे, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या आवारात जुन्या गाड्यांचे मालक आपापल्या गाड्या घेऊन जमतात. ना तिकीट, ना दोरखंड. गाडीच्या इतके जवळ उभे राहता येते की पत्र्यात आपला चेहरा दिसावा.

तिथे गर्द तपकिरी-लाल रंगाची एक मर्क्युरी (फोर्ड कंपनीचीच गाडी) उभी होती, 1949 ते 1951 या काळातल्या मॉडेलची. तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. प्रथमदर्शनी ती कारखान्यातूनच तशी बाहेर पडली असावी असे वाटते, आणि नेमके तसे वाटावे हाच कारागिराचा हेतू असतो. मग हळूहळू एकेक गोष्ट लक्षात येऊ लागते. दारांना बाहेरून हँडल नाहीत. मालकाने दाराच्या खालच्या कडेला हात घालून तिथले लपवलेले बटण दाबले आणि दार खटकन उघडले. बॉनेटवर नाव नाही, डिकीवर नाव नाही, कुलूपही नाही. हेडलाइटभोवतीची क्रोमची कडी काढून टाकून तिच्या जागी पत्राच दिव्याच्या कडेपर्यंत वळवलेला आहे. मी त्या वळणावरून बोट फिरवले, तर जोड कुठे आहे ते बोटालाही कळले नाही. सोनाराने दिलेला डाग दागिन्यात दिसू नये, तसे ते काम होते.

हे काम पोटीनने होत नाही, निदान त्या काळी होत नव्हते. जोडावर आधी कथिलाचा पातळ थर देतात, मग टॉर्चच्या आचेवर शिशाची कांडी लोण्याइतकी मऊ करून लाकडी पट्टीने ती पसरवतात, आणि थंड झाल्यावर कानशीने घासून पत्र्याच्या पातळीत आणतात. आच थोडी कमी पडली तर शिसे धरत नाही, थोडी जास्त झाली तर सगळे ओघळून जमिनीवर पडते. आणि छप्पर खाली आणायचे म्हणजे केवळ छपराला आधार देणारे खांब कापून तेवढेच पुन्हा जोडायचे, असेही नाही. मर्क्युरीचे खांब आत झुकलेले आहेत, त्यामुळे त्यांचे तुकडे कापून काढले की वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर येतच नाहीत. छप्पर उभे-आडवे चिरून, मध्ये पत्रा घालून लांब करावे लागते आणि मागची काच नव्याने कलती करावी लागते. एवढा खटाटोप केल्यानंतर पाहणाऱ्याने फक्त ‘गाडी सुंदर आहे’ एवढेच म्हणावे आणि का सुंदर आहे ते त्याला सांगता येऊ नये, ही या शैलीची कसोटी आहे. मालक वयस्क गृहस्थ होते. छप्पर किती इंच उतरवले आहे, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “जेवढे हवे होते तेवढे.” मला ते उत्तर पटले.

याच रिव्हरसाइड ड्राइव्हवर, पश्चिमेला नॉर्थ हॉलिवुडमध्ये, कस्टम गाड्या घडवणारे जॉर्ज बॅरिस यांची कार्यशाळा होती. जॉर्ज आणि त्यांचे थोरले भाऊ सॅम यांची गोष्ट म्हणजे या सगळ्या वादाची एका घरातली गोष्ट आहे. 1950 च्या सुमारास हे दोघे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लिनवुडमध्ये काम करत होते. सॅम हे पत्र्याचे कारागीर. त्यांनी 1950 साली निक मॅट्रांगा यांच्यासाठी 1940 सालच्या मर्क्युरीचे छप्पर उतरवून, मधला खांब काढून, बाजूच्या काचांना जी एक सलग कमान दिली, ती आजही या क्षेत्रातले लोक प्रमाण मानतात. ती मूळ गाडी काही काळातच अपघातात नष्ट झाली, तरीही तिच्या प्रतिकृती आजवर होत आहेत. जॉर्ज यांचा कल रंग, छायाचित्रे आणि प्रसिद्धी यांकडे होता, आणि सॅम यांनी हा व्यवसाय सोडल्यानंतर तो पूर्णपणे मोकळा सुटला. फोर्डच्या 1955 सालच्या लिंकन फ्युचुरा या प्रायोगिक गाडीवरून त्यांनी 1966 च्या ‘बॅटमॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बॅटमोबील तयार केली. तिचे पंख आणि दुहेरी घुमट रस्त्यापलीकडून ओळखू यावेत असेच होते. 2013 च्या लिलावात ती चाळीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

दोघा भावांचे हात जिथे एकत्र दिसतात ती गाडी म्हणजे मासातो ऊर्फ बॉब हिरोहाता या जपानी-अमेरिकन तरुणासाठी 1952 मध्ये केलेली 1951 सालची मर्क्युरी. तिचा आकार सॅम यांच्या संयमाचा आहे. छप्पर उतरवलेले आहे, खांब काढलेला आहे आणि काचेची कमान मॅट्रांगाच्याच वळणाची आहे. त्यावर ब्यूइकची क्रोमची पट्टी दाराच्या मध्यातून खाली झेपावते, तिच्या वर फिकट हिरवा रंग आहे आणि खाली गर्द हिरवा. पट्टी शोभेची आहे खरी, पण ती नसती तर दोन रंगांची सीमा आखायला दुसरी रेषाच नव्हती. माझ्या मते शोभणारी सजावट आणि गोंगाट करणारी सजावट यांतला भेद इथे सापडतो. सजावट गाडीच्या मूळ रेषेबरोबर चालली तर ती कितीही उठावदार असली तरी खपते. रेषेला आडवी गेली, तर एकच पट्टी पुरे होते गाडी बिघडवायला. त्याच बरबँकच्या आवारात एका सुंदर शेवरलेवर मागून पुढपर्यंत ज्वाळा रंगवलेल्या पाहिल्या. त्या मडगार्डच्या फुगवट्याला कापत होत्या, आणि तो फुगवटा, जो त्या गाडीचा प्राण होता, दिसेनासाच झाला होता.

पूर्व लॉस एंजेलिसला मी रविवारी संध्याकाळी गेलो. व्हिटियर बुलेव्हार्डच्या कमानीजवळ उभे राहिले की लो-रायडर, म्हणजे जमिनीलगत खाली आणलेल्या, गाड्या पायी चालण्याच्या वेगाने समोरून जातात. बहुतेक 1960 च्या दशकातल्या शेवरले इम्पाला असतात. रंग नारिंगी, जांभळा, पिस्ता, सोनेरी. छपरावर वेलबुट्टी आणि लेससारखी नक्षी, आत मखमल. शांत शैलीवर प्रेम असलेला माणूस इथे येताना नाक मुरडण्याची तयारी करून येतो, पण समोर गाडी आली की ती टिकत नाही. कँडी रंग ज्या पद्धतीने दिला जातो ती समजून घेतली तर या चमकीमागेही तितकीच लपलेली मेहनत आहे हे कळते. आधी सोनेरी किंवा रुपेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे अनेक पातळ थर. प्रकाश रंगातून आत जातो, खालच्या धातूवरून परततो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो, म्हणून तो खोलवरून आल्यासारखा वाटतो. प्रत्येक थराने छटा गडद होत जाते, त्यामुळे स्प्रे गनचा एक हात जरी जास्त फिरला तरी तिथे पट्टा उमटतो. ज्यो बायलन यांनी ही पद्धत लोकप्रिय केली, आणि पुढे लॅरी वॉटसन यांनी पत्र्याच्या घड्यांच्या मापाने रंगाचे पट्टे आखून तिला शिस्त दिली.

इथल्या झगमगाटाला कारणही आहे. मेक्सिकन-अमेरिकन वस्तीतल्या तरुणांना जे शहर पाहतच नव्हते, त्या शहराच्या रस्त्यावरून दिसेल अशा रीतीने जायचे होते. कायदा त्यांच्या विरुद्ध होता: गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असू नये, असा नियम कॅलिफोर्नियाने 1958 मध्ये केला. त्यावर रॉन अगिर्रे यांनी 1959 च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानांत वापरले जाणारे हायड्रॉलिक भाग बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. गाड्या रस्त्यावर हळू फिरवण्यावर गावोगावच्या नगरपालिकांनी घातलेली बंदी आणि तो उंचीचा नियम हे दोन्ही 1 जानेवारी 2024 पासून राज्याने काढून टाकले. त्या संध्याकाळी कमानीखाली आजोबा, मुले, नातवंडे असे कुटुंबच्या कुटुंब खुर्च्या टाकून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून त्या बदलाचे मोल समजत होते.

या वस्तीची सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे इम्पीरियल्स क्लबच्या जेसी व्हॅलाडेझ यांची ‘जिप्सी रोझ’. ही 1964 ची गुलाबी इम्पाला आहे, तिच्यावर हाताने रंगवलेले शंभराहून अधिक गुलाब आहेत आणि आत झुंबरही टांगलेले आहे. यापेक्षा भपकेबाज गाडी कल्पनेत आणणे कठीण. तरीही तिची छायाचित्रे नीट पाहिली तर गुलाब इम्पालाच्या लांब, सपाट बाजूच्या आडव्या रेषांमध्ये ओळीने बसलेले दिसतात. एकही फूल घडी ओलांडत नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत राष्ट्रीय वारसा म्हणून 2017 मध्ये ज्या गाड्या ठेवल्या गेल्या, त्यांत हिरोहाता मर्क्युरीही होती आणि जिप्सी रोझही. ज्यांनी ही निवड केली त्यांना गाड्या कळत होत्या.

माझा स्वतःचा कौल अजूनही त्या तपकिरी-लाल मर्क्युरीकडेच आहे. कारण व्यवहारी आहे: ती गाडी मी भर उजेडात, अगदी जवळून, थांबून पाहिली, आणि जितके पाहिले तितके नवे काही सापडत गेले. इम्पाला जवळून पाहिल्या तर नक्षी सुटी सुटी दिसते. त्या दुकानांच्या दिव्यांखालून, संध्याकाळी, चालत्या असतानाच पाहाव्यात. तेव्हा कँडी रंग प्रत्येक दिव्यागणिक बदलतो आणि नक्षी पूर्ण होते. म्हणून जो कोणी जाईल त्याने बरबँकला शुक्रवारी अंधार पडायच्या आत पोहोचावे आणि व्हिटियर बुलेव्हार्डला दिवे लागल्यानंतर. जानेवारीच्या अखेरीस जाणे जमले तर पोमोना येथे ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो. ऑकलंडमध्ये सुरू झालेले आणि 2004 पासून पोमोनात आलेले हे प्रदर्शन दोन्ही पंथांना एकाच छपराखाली आणते, आणि तिथे परीक्षक गाडीच्या खाली वाकून, तळाच्या पत्र्यावरचे कामही तितक्याच बारकाईने तपासतात.