१३८ वर उठलेली रेघ

फ्लायव्हील हाउसिंगच्या बोअरिंगला लागोपाठ तिसरा इन्सर्ट, म्हणजे कापायच्या हत्याराचं टोक, फुटलं, तसे मशीनशॉपचे मामा जॉब उचलून थेट लॅबमध्ये आले. "मॅडम, तुमच्या लोखंडात दगड हाय."

शिरोलीच्या फाउंड्रीत लॅब सांभाळायची म्हणजे असलं ऐकून घ्यायची सवय लागते. त्या हीटचा, म्हणजे भट्टीतल्या त्या वितळणीचा, स्पेक्ट्रोवरचा रासायनिक रिपोर्ट अगदी नेटका होता. पण स्पेक्ट्रोची ठिणगी पाच-सहा मिलिमीटरचा गोल जाळते आणि त्याची सरासरी सांगते. मामांचा दगड निघाला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा: पॉलिश केल्यावर राखाडी, कोनेदार. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर एक्स-रे करून आणला, तर सिलिकॉन, लोखंड आणि थोडं टायटॅनियम. म्हणजे न विरघळलेलं इनॉक्युलंट: लोखंड नीट गोठावं म्हणून त्यात मिसळायचे सिलिकॉनवाले दाणे.

आमच्याकडे ते दोन जातींचं असतं. लाडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड नेायच्या भांड्यात, टाकायचं जाड, बेरियमवालं. ओतताना धारेत सोडायचं बारीक, स्ट्रॉन्शियमवालं. धारेतल्या दाण्याला विरघळायला काही सेकंदच मिळतात, तेव्हा त्यात जाड दाणे आले असणार, असं धरून मी त्या बारीक मालाच्या पुरवठादाराला कडक पत्र पाठवलं. पत्र गेल्यावर मात्र मनात खुटखुट सुरू झाली. एक्स-रेमध्ये स्ट्रॉन्शियमची रेषा सिलिकॉनच्या रेषेला इतकी चिकटून येते, की ढीगभर सिलिकॉनमधलं एक टक्का स्ट्रॉन्शियम दिसतच नाही. मग कण त्याच्याच गोणीतला, हे मी कशावरून ठरवलं होतं?

तुकडा पर्समध्ये घालून पहाटे पुण्याला निघाले. तिथल्या एका प्रयोगशाळेत लेझर आणि मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेले आहेत. ही जोडी ॲलन ग्रे यांनी १९८५ मध्ये जमवून दाखवली होती. मी ती आजवर फक्त पुस्तकात पाहिलेली. तुकडा काचेच्या खिडकीच्या छोट्या डबीत बसवला. लेझर त्यावर ३० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून लहान खड्डा पाडतो. उडालेली धूळ हेलियम वाहून नेतो, आर्गॉनच्या प्लाझ्मात तिचे आयन होतात आणि पुढे वस्तुमानाप्रमाणे त्यांची मोजणी. लोखंड ५६ वर मोजत नाहीत, कारण आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून नेमके तिथेच येऊन बसतात. म्हणून ५७ घेतात. सिलिकॉनचंही तसंच, २८ वर नायट्रोजनची गर्दी, म्हणून २९.

पहिली तीस सेकंदं नुसता गॅस. मग टिकटिक सुरू झाली आणि खड्ड्यांची रांग लोखंडातून कणाकडे सरकू लागली. कणाची कड लागली तशी ५७ ची रेघ खाली बसली, २९ ची चढली. मी डोळे लावून बसले होते ८८ वर, स्ट्रॉन्शियमवर. ती रेघ जमिनीवरच. उठली ती १३८ ची. बेरियम!

"टायटॅनियम?" मी विचारलं. ऑपरेटरताईंनी ४९ दाखवली; ती सपाटच. बेरियम आणि टायटॅनियमच्या एक्स-रे रेषाही जवळजवळ एका जागी येतात, आणि आमच्या रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअरनं दुसरं नाव छापलं होतं. मीही ते मुकाट वाचलं होतं. टक्केवारी मात्र ताईंनी द्यायला नकार दिला. त्यांचं स्टँडर्ड काचेचं, माझा नमुना धातूचा; "आकडा लिहीन, पण मलाच पटणार नाही," म्हणाल्या. मला आकडा नकोच होता.

सेकंड शिफ्टच्या मध्यावर परत पोचले ती तडक ओतण्याच्या लाइनवर. धारेत बारीक दाणे सोडणाऱ्या फीडरजवळच्या पोराला विचारलं, तर त्यानं काही लपवलं नाही.

"गेल्या आठवड्यात बारकी गोणी संपली हुती. मग दुसरीतली वतली. दोन्ही राखाडीच की, मॅडम."

"फीडर तुंबला नाही?"

"तुंबत हुता. दांडक्यानं ढोसला."

त्याच्या दोन्ही तळहातांवर मी एकेक चिमूट ठेवली. एकीकडे रवा, दुसरीकडे तूरडाळ. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "हे विरघळंल कसं?"

त्याच रात्री बेरियमच्या सगळ्या गोण्यांवर रेड ऑक्साईडचा पट्टा ओढून घेतला. सकाळी पुरवठादाराला फोन लावला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तक्रार लेटरहेडवर आली होती. हेपण लेटरहेडवरच येऊ दे."

तीन ओळी टाइप करून मालकांच्या सहीला पाठवल्या. कागद सही होऊन परत आला, समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं: "पुण्याचं बिल कुणाच्या खात्यात?"