गाडीतलं नेट: पैसे कशाचे द्यावेत आणि कोणती वायर बॉडीला जोडू नये

नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ घ्यायला आलेला माणूस आमच्या दुकानात हमखास विचारतो, "सिमवाला घेऊ का साधा?" मी धुळ्यात गाड्यांचं वायरिंग करतो. स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस, सेन्सर, जे काही बारा व्होल्टवर चालतं ते बसवतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे शिरपूरच्या शेतकऱ्यापासून सुरतला कापड आणायला जाणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे येतात, आणि हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. दुकानात घाईत अर्धंच उत्तर देता येतं. म्हणून पूर्ण इथे लिहितो.

आधी खर्च. सिमवाला सेट, म्हणजे नेटसाठी स्वतःचं वेगळं सिम लागणारा स्टिरिओ, घेतला की ते सिम जगवावं लागतं. जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक जुलै 2024 मध्ये 239 वरून 299 रुपयांवर गेला, बाकीच्या कंपन्यांनीही त्याच सुमारास दर वाढवले. पॅक 28 दिवसांचा असल्यामुळे वर्षाला 13 रिचार्ज पडतात. 299 च्या हिशोबाने 3,887 रुपये झाले, तेही गाडी पावसाळाभर दारात उभी असली तरी. आता गाडीला त्यातलं किती लागतं ते बघा. नकाशा लावून धुळे ते जळगाव गेलात तर काही एमबी खर्च होतात, जीबीचा प्रश्नच येत नाही. गाणी थोडी जास्त खातात. जीबी खातो तो व्हिडिओ. म्हणजे गाडीतल्या वेगळ्या सिमचे पैसे बहुतांशी व्हिडिओसाठी जातात, आणि त्या व्हिडिओवर मी पुढे बोलणारच आहे. नकाशासाठी खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. वायरलेस अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा आणि गाणी बिनवायरचं गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय, असेल तर हॉटस्पॉटही नको, तो आधी ब्लूटूथने ओळख पटवतो, मग फोन आणि सेट आपापसात वायफायने बोलतात, बाहेरचं नेट फोनचंच वापरलं जातं. आणि धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो, फुकट. तोरणमाळला किंवा धडगावकडे जाणाऱ्याने तर ठेवलाच पाहिजे. सातपुड्यात वळणावळणाला रेंज जाते, तिथे सिम कितीही महाग असलं तरी टॉवरच नसेल तर ते काय करणार?

एक खर्च कुणी सांगत नाही, तो बॅटरीचा. सिमवाले बरेच सेट चावी काढल्यावर पूर्ण बंद होत नाहीत, झोपतात. सिम जागं राहतं, करंट थोडा थोडा जात राहतो. त्यात वर जीपीएस ट्रॅकरही लावलेला असेल आणि गाडी लग्नसराईनंतर दोन-तीन आठवडे हलली नाही, तर सकाळी सेल्फ फिरत नाही. लोक बॅटरीला दोष देतात, नवी घेतात, परत तेच होतं. आपल्या मिस्त्रीला मीटर लावून गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता कंपनीतूनच नेट घेऊन येणाऱ्या गाड्या. आपल्याकडे 2019 मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या तेव्हापासून हे घरोघरी पोचलं. हेक्टरवर तर 'इंटरनेट इनसाइड' असं लिहूनच यायचं. यांच्यात ई-सिम असतं, आतल्या सर्किटलाच बसवलेलं, काढून दुसरं घालता येत नाही. त्यामुळे दहा कंपन्यांचे दर बघून स्वस्तातलं सिम टाकू, हा मार्गच बंद. पहिली काही वर्षं सेवा मोफत असते, व्हेन्यूला सुरुवातीला तीन वर्षं होती. मग नूतनीकरणाचे पैसे सुरू होतात. शोरूममध्ये ऑन-रोड किंमत, एक्सचेंज, इन्शुरन्स सगळ्यावर घासाघीस करणारा आपला माणूस हा एक प्रश्न विचारत नाही: मोफत मुदत संपल्यावर वर्षाला किती, आणि पैसे नाही भरले तर गाडीतलं नेमकं काय काय बंद पडतं? हे लेखी घ्या. मुदत संपली की काही गाड्यांत फक्त मोबाइलवरून एसी लावणं जातं, काहींत आवाजाने दिलेला हुकूमही ऐकणं थांबतं.

दुसरं, गाडी आपण दहा-पंधरा वर्षं वापरतो. नेटवर्क तेवढं टिकत नाही. अमेरिकेत 2022 मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, तेव्हा ठणठणीत इंजिनच्या कितीतरी गाड्यांचं नेट गेलं आणि त्याबरोबर अपघातात आपोआप मदत मागणारी यंत्रणाही गेली. आपल्याकडे पिकअप आणि जीप दोन-तीन हातांतून फिरत चालते, तिथे हा विचार करायलाच हवा.

मग पैसे द्यावेत तरी कशाचे? माझं स्पष्ट मत आहे: चालक स्वतः काही करू शकत नाही अशा वेळी जे काम करतं, त्याचेच. एअरबॅग उघडली की गाडीने स्वतः फोन लावणं, आणि गाडी चोरीला गेली की ती कुठे आहे ते कळणं. युरोपात 31 मार्च 2018 नंतर मंजूर झालेल्या प्रत्येक नव्या मॉडेलला अपघात झाल्यावर 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरला आपोआप कॉल लावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे खासगी गाडीला तशी सक्ती नाही, कंपनीने दिलं तर दिलं. रात्री कोंडाईबारीच्या घाटात किंवा बिजासनच्या उतारावर गाडी खड्ड्यात गेली आणि आतला माणूस बेशुद्ध असेल, तर या एका कॉलची किंमत करता येणार नाही. ती सेवा असेल तर नूतनीकरण भरा, मीही भरा म्हणतो. आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये 1033 आणि 108 हे नंबर आजच ठेवा. पहिला राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीचा, दुसरा रुग्णवाहिकेचा. त्यांना डेटा लागत नाही, साधी रेंज पुरते.

आता ती वायर. अँड्रॉइड सेटच्या कपलरला, म्हणजे मागच्या वायरींच्या जोडाला, एक बारीक वायर येते, तिच्यावर 'ब्रेक' किंवा 'पार्किंग' लिहिलेलं असतं. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढलेला असेल तरच ती अर्थ होते, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीशी जोडली जाते, आणि व्हिडिओ दिसतो, गाडी चालू लागली की पडदा बंद. बाजारात सर्रास ही वायर सरळ बॉडीला अर्थ करून टाकतात. सेटला वाटतं गाडी उभीच आहे, आणि ताशी नव्वदने पिक्चर चालू राहतो. गिऱ्हाईक गोड बोलून मागतं. "पोऱ्हे रडतस भाऊ, ती वायर बॉडीले जोडी दे." मुलं रडतात हे खरं आहे, मलाही दोन आहेत. पण पडदा डॅशबोर्डवर आहे, मुलांच्या समोर नाही, बापाच्या समोर आहे. मी ती वायर हँडब्रेकलाच जोडतो. पटत नसेल तर शेजारच्या दुकानात जा म्हणतो, आणि काही जण जातातही. मुलांना दाखवायचंच असेल तर मागच्या सीटला टॅब लावा, व्हिडिओ घरून भरून आणा.

हिशोब साधा आहे. ताशी 80 ने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे बघितलं की 44 मीटर डोळे मिटून गेलात. पारोळ्याकडून येताना साइडपट्टीवर उसाच्या किंवा केळीच्या गाड्या बिनलाइटच्या उभ्या असतात, बैलगाडी मध्येच वळते. 44 मीटर फार झाले. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, सरकारचाच आकडा आहे.

आणि बोलून हुकूम दिला म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी 2015 मध्ये तिथल्या वाहनचालक संघटनेसाठी हे तपासलं. गाडीशी बोलून काम झाल्यावरसुद्धा मन पूर्ण रस्त्यावर यायला, सगळ्यात वाईट यंत्रणांमध्ये, 27 सेकंदांपर्यंत लागत होते. ताशी 80 च्या हिशोबाने ते 600 मीटर होतात. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, आणि माणूस तरी तिथे नसतो. म्हणून पत्ता टाकायचा तो गाडी हलायच्या आधी.

हॅकिंगबद्दल लोक घाबरून विचारतात, कारण व्हॉट्सअपवर काहीतरी फिरत असतं. खरं काय घडलं ते सांगतो. जुलै 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरात बसून, लॅपटॉपवरून, महामार्गावर चालत्या जीप चेरोकीचा एसी, रेडिओ, वायपर चालवले आणि मग गाडीची ताकदच तोडली. आत एक पत्रकार बसला होता, त्याला माहीत होतं की हा प्रयोग आहे. ते शिरले रेडिओच्या मोबाइल नेटमधून. कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवून सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

रेडिओतून इंजिनपर्यंत कसं पोचता येतं? आमच्या धंद्यात कॅन-बस म्हणतात, दोन पिळलेल्या वायरी, त्यांच्यावर ब्रेक, इंजिन, दरवाजे, मीटर सगळे एकमेकांना निरोप देतात. 1986 मध्ये बॉशने ही पद्धत जगासमोर आणली, तेव्हा गाडीला नेट कुठे होतं? निरोप कुणी पाठवला हे तपासायची सोय तिच्यात ठेवलेलीच नाही. गावात दवंडी ऐकू आली की लोक कामाला लागतात, दवंडी देणारा खरा कोतवाल आहे का हे कुणी बघायला जात नाही, तसं. नव्या गाड्यांत मध्ये पहारा देणारं सर्किट असतं, म्हणून कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट आलं की टाळू नका.

मला जास्त काळजी वाटते ती स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मिस्त्री गाडीचे फॉल्ट तपासायला मशीन लावतो त्या जागी, खोचायच्या स्वस्त डोंगलची, त्या छोट्या डबीची. ऑनलाइन मागवतात, मायलेज मोबाइलवर दिसतं म्हणून खूश असतात. ते सॉकेट थेट गाडीच्या आतल्या बोलण्याला जोडलेलं आहे. 2015 मध्येच सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच एका सिमवाल्या डोंगलला साधा एसएमएस पाठवून एका कॉर्व्हेट गाडीचे वायपर चालवले, आणि कमी वेगात ब्रेक लावून आणि निकामी करूनही दाखवले. ब्लूटूथवाल्या स्वस्त डोंगलचा पिन बहुतेक वेळा 1234 किंवा 0000 असतो. फॉल्ट बघायचा असेल तेव्हा लावा, बघून झालं की काढा.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आमच्याकडे एका ताईंची गाडी आली, एका डीलरकडून घेतलेली, कंपनीच्या नेटवाली. तक्रार काय, तर गाडी कधी कधी आपोआप लॉक होते. वायरिंगमध्ये काहीच दोष सापडेना. शेवटी कळलं की आधीच्या मालकाच्या मोबाइलमधलं ॲप अजून त्या गाडीला जोडलेलं होतं. गाडी कुठे उभी आहे, कधी निघाली, सगळं त्या अनोळखी माणसाला घरबसल्या दिसत होतं. ताई रोज एकट्या शिरपूरला नोकरीला जातात. त्या गप्प उभ्या राहिल्या, आणि मला फार संताप आला. आरसी बुक नावावर करून दिलं, चावी दिली, आणि हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गाडी विकताना ॲपमधून ती काढून टाका, सेटमध्ये फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर तुमचे कॉन्टॅक्ट, घरचा पत्ता, गूगलचं खातं सगळं नव्या मालकाकडे जातं. घेताना कंपनीच्या सेवाकेंद्रात आरसी आणि ओळखपत्र दाखवून जुन्या मालकाचं खातं तोडून घ्या, आणि तुटलं की नाही ते तुमच्याच मोबाइलवर नवं खातं उघडून तिथल्या तिथे बघा. तोपर्यंत उरलेली रक्कम डीलरच्या हातात देऊ नका.